इथे बाई उठली

तार्तूच्या दप्तरखान्यात
वाइके ओरुमेट्स कथांना नंबर द्यायची.
एकतीस वर्षं. करड्या पुठ्ठ्याचे खण,
प्रत्येकावर दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी:
सावत्र मुली. खुळा सैतान. उपकार स्मरणारी जनावरं.
मी तेव्हा नवखा, शिडी धरायच्या कामावर.
ती वरून सांगायची,
राजपुत्राचं तोंड बघत बसू नकोस,
तो करतो काय, तेवढं लिही.
कोण निघतं, कोण अडवतं,
काय हरवतं, काय हाती लागतं.
बाकी सगळं तिखटमीठ.

तिच्या हातात कथा म्हणजे हेरिंग मासा.
डोकं इकडे, शेपूट तिकडे,
मधला काटा अख्खाच्या अख्खा वर.

एकच कार्ड कुठल्या खणात बसेना.
युलियुस पिहलाप नावाच्या शाळामास्तरानं
मुहू बेटावर उतरवून घेतलेलं,
शाई ताकासारखी पातळ.
सांगणारी मारेट तुइस्क, वय सत्तर, अक्षरओळख नाही.

तिघी बहिणी होत्या. चूल विझली.
थोरली विस्तव आणायला गेली, आली नाही.
मधली गेली, आली नाही.
धाकटी निघाली फुटकं मडकं घेऊन.
जंगलात एक दार, दाराला भिंत नाही,
उंबऱ्यावर अस्वल.
अस्वल म्हणालं, तीन प्रश्न.
तुझ्या घरात सगळ्यात गार काय?
ती म्हणाली, आईची जागा.
सगळ्यात जड काय?
ती म्हणाली, तीच.
अस्वल जरा सरकलं. म्हणालं, आता तिसरा

आणि खाली मास्तरांचं बारीक अक्षर:
'इथे बाई उठली. गाय व्यायला झाली होती.'

वाइकेनं खणामागून खण पालथे घातले.
रीगाला पत्र, हेलसिंकीला पत्र.
उत्तरं आली, सभ्य, टंकलिखित:
आमच्याकडे अस्वल आहे, पण ते बोलत नाही.
आमच्याकडे प्रश्न आहेत, विस्तव नाही.
कहाणी कशी साठा उत्तरांवरून पाचांवर यावी,
ही दोनावरच बसलेली, हलेना.

फेब्रुवारीत आम्ही बसनं बेटावर गेलो,
गोठलेल्या समुद्रावरून.
बर्फ फुटलाच तर उडी मारता यावी म्हणून
ड्रायव्हरनं दार उघडंच ठेवलेलं.
वाइकेच्या मांडीवर राईचा पाव
आणि रबरबँड लावलेलं ते एक कार्ड.

मारेटची सून अजून होती, एल्ला,
ऐकताना विणकामाचे टाके मोजणारी.
हो, म्हणाली, सासूबाई तिथेच उठायच्या.
दर वेळी?
दर वेळी.
आणि गाय?
एल्लाचा टाका चुकला.
या घरात गाय कधी नव्हतीच, बाई.
दोन शेळ्या होत्या, त्याही लढाईआधी.

मग उठून करायच्या काय?
चुलीपाशी जायच्या.
राखेत हात घालायच्या कोपरापर्यंत.
पोरं श्वास धरून बसायची.
कधी म्हणायच्या, आहे.
कधी काहीच म्हणायच्या नाहीत.

परतताना वाइके एक शब्द बोलली नाही.
दारातून वारं येत होतं,
तिनं हातमोजा काढून
पावाच्या पिशवीत हात घातला
आणि तसाच ठेवला, बराच वेळ.

सोमवारी कार्डावर नवी ओळ होती, पेन्सिलीनं:
'सांगणारी उठते. राख चाचपते.'
नंबराची जागा कोरी.
मी काही बोललो नाही. शिडी धरली.

आता वाइके नाही. खणही तळघरात गेले.
माझ्यासमोर पडदा आहे, त्यात रकाने,
आणि नंबराशिवाय तो पुढे सरकू देत नाही.
शून्य टाकलं, नाही म्हणाला.
प्रश्नचिन्ह टाकलं, नाही.
गेल्या मंगळवारी अर्धा तास असाच गेला.
शेवटी मी खुर्ची मागे सारली.

हाताखालची पोर वळली. सर, कुठे?
गाय, म्हटलं.
व्यायला झालीय.